पोरगी कोणाच्या वळणावर

रविवार, ३ ऑगस्ट

खताच्या दुकानदाराने जानेवारीत दिलेली डायरी आज उघडली. सांगण्यासारखी गोष्ट आहे आणि सांगायची सोय नाही, म्हणून. मी, बेडशाचा हौशीराम, ज्याच्या तोंडाला अख्ख्या मावळात कोणी कुलूप लावू शकलं नाही, तो गप्प बसलोय. यातच काय ते समजा. (कोणाला म्हणतोय ‘समजा’? डायरीला. चला, सुरुवात तर झाली.)

शेती माझी इंद्रायणी भाताची, पण नाव सोयरिकीतलं. कोणाची पोर कुठे द्यायची, कोणाचं पोरगं कुठे अडलंय, ते लोक मला विचारतात. पैसा घेत नाही. लग्नात मधल्या माणसाला टॉवेल-टोपीचा मान असतो तेवढा घेतो, त्यामुळे आमच्या कपाटात कपडे कमी आणि टोप्या जास्त. माझी पद्धत साधी. स्थळाच्या घरी जाण्याआधी त्या गावच्या पिठाच्या गिरणीवर जाऊन बसायचं. दळण होईपर्यंत बाया जे बोलतात ते तलाठ्याच्या दप्तरातही सापडत नाही. कोणाला कोड, कोणाला फिट, कोणाचं डोकं फिरलेलं. ‘पिढीजात काही नाही ना?’ हा माझा ठरलेला प्रश्न. या एका प्रश्नावर मी किती घरांवर फुली मारली असेल, देव जाणे.

यंदा स्वतःच्या पोरीचं जमवलं. सृष्टी बी.फार्म. झाली, लोणावळ्यात औषधाच्या दुकानात कामाला आहे. मुलगा कार्ल्याच्या कैलासरावांचा गौरव. सुपारी दिवाळीनंतर फोडायची. लोक म्हणाले, हौशीभाऊ, सगळ्यात भारी सोयरीक घरातच केलीत. मी दोन दिवस मान ताठ ठेवून चाललो.

आणि मग सारिका. माझी धाकटी बहीण, लोणावळ्याला दिलेली. चैत्रात तिच्या छातीत गाठ निघाली, कॅन्सरची. ऑपरेशन झालं, आता केमो चालू आहे. गावात मी सांगून टाकलं, पित्ताशयात खडे झालेत. काल तिचा फोन आला. डॉक्टरांनी तिच्या रक्ताची वेगळी तपासणी केली, जीनमध्ये बिघाड निघाला. तो आई नाहीतर बापाकडून येतो, म्हणून भावानेही तपासून घ्यावं म्हणे.

मी म्हणालो, ‘अगं, बायकांचं दुखणं ते. माझं काय तपासणार?’

ती म्हणाली, ‘दादा, तुला मुलगी आहे.’

मी रेंज गेल्याचं नाटक करून फोन ठेवला. बेडशात रेंज खरंच जाते, त्यामुळे हे नाटक मला छान जमतं.

शनिवार, ९ ऑगस्ट

राखी. सारिका डोक्याला रुमाल बांधून आली. ओवाळलं आणि म्हणाली, ‘साडी नको, काही नको. एकदा माझ्याबरोबर दवाखान्यातल्या त्या जीनचा सल्ला देणाऱ्या मॅडमकडे चल.’ बहिणीने ओवाळणी मागितल्यावर नाही म्हणता येत नाही, म्हणून मी ‘पितृपक्षात बघू, तेव्हा सोयरिकी बंद असतात’ असं म्हणालो. मला वाटलं ती विसरेल. जी बाई मी लहानपणी तोडलेल्या बाहुलीचा विषय अजून काढते, ती विसरेल असं मला वाटलं!

तशी काळजी करण्यासारखं नाही. सृष्टी पूर्ण तिच्या मामाच्या वळणावर गेलीय. नाक मामाचं, रंग मामाचा, हसताना डावा गाल वर चढतो तोही मामाचा. मामा म्हणजे माझा मेहुणा, त्याचं आणि माझं लग्नाच्या पंगतीपासून बिनसलेलं. बारशापासून लोक म्हणत आलेत, ‘पोरीत बापाचं काहीच न्हाई की वं!’ पंचवीस वर्षं ते ऐकून माझ्या पोटात दुखायचं. आज पहिल्यांदा बरं वाटलं. माझं काहीच नाही ना तिच्यात? मग हेही नसणार.

शनिवार, ३० ऑगस्ट

उद्या गौरी येणार म्हणून सारिका सृष्टीला घेऊन पुण्याला साडी घ्यायला गेली. दिवसभर फिरल्या आणि हात हलवत परत आल्या. म्हणे पसंत पडली नाही. सृष्टीच्या कोपरापाशी कापसाची पट्टी होती. विचारलं तर म्हणाली, ब्लाऊज घालून बघताना टाचणी लागली. आजकालच्या दुकानांत माणसं कसली ठेवतात कोण जाणे. मी तिला हळद लावायला सांगितलं, तर ती माझ्याकडे बघत राहिली आणि हो म्हणाली. एरवी माझ्या औषधांना हसणारी पोरगी. लग्न ठरलं की मुली मऊ होतात.

बुधवार, १० सप्टेंबर

पितृपक्ष लागला आणि सारिका दारात. गेलो.

मॅडम म्हणजे कोवळी पोर, फार तर तिशीची. तिने कागद घेतला आणि पुरुषाला चौकोन, बाईला गोल अशी आमची वंशावळ काढायला लागली. मला हसू आलं. म्हटलं, ताई, हा माझा प्रांत, विचारा काय विचारायचं ते.

‘तुमच्या वडिलांना बहिणी किती?’

‘तीन. आता कोणी नाही.’

‘कशाने गेल्या?’

कार्ल्याच्या कैलासरावांची पणजी साप चावून गेली हे मला ठाऊक. माझ्या सख्ख्या तीन आत्या कशाने गेल्या हे ठाऊक नाही.

‘सासरी गेल्या,’ मी म्हणालो.

‘म्हणजे वारल्या?’

‘आधी नांदायला गेल्या. मग वारल्या.’

सारिका खिडकीबाहेर बघत होती, पण तिचे खांदे हलत होते. हसत होती.

मग त्या मॅडमने समजावलं. हा बिघाड पुरुषाकडेही असतो. त्याला स्वतःला त्रास कमी वेळा होतो, पण तो पुढे देऊ शकतो. प्रत्येक लेकराला निम्मी शक्यता, मुलगा असो की मुलगी. असला म्हणजे कॅन्सर होणारच असं नाही, पण धोका बराच जास्त. आधी कळलं तर दरवर्षी तपासून लवकर पकडता येतं, पुढे ऑपरेशन करून बराचसा टाळताही येतो.

मी सांगितलं, ‘माझी मुलगी मामावर गेलीय.’

‘काका, याचा चेहऱ्याशी काही संबंध नाही.’

‘नाकसुद्धा मामाचं आहे,’ मी आवाज चढवून सांगितलं. आता लिहिताना लाज वाटतेय. त्या खोलीत सगळ्यात जास्त शहाणा मी होतो, आणि माझ्याकडे पुरावा काय, तर मेहुण्याचं नाक.

रक्त द्यायची वेळ आली तेव्हा म्हणालो, पितृपक्षात आम्ही नवं काम धरत नाही.

‘हे नवं नाही, काका,’ ती म्हणाली. ‘फार जुनं आहे.’

तरी मी उठून आलो.

रविवार, १४ सप्टेंबर

आत्यांचं डोक्यातून जाईना, म्हणून तिकोणा पेठेला भागुबाई आत्याकडे गेलो. ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची, चुलत बहीण. ऐंशीच्या पुढे गेलीय, पण अजून चूल सोडत नाही.

‘आत्या, त्या तिघी कशानं गेल्या?’

‘आता इचारतोस व्हय? थोरलीच्या छातीला गाठ हुती. कुनाला दावली न्हाई, पदराखाली झाकून भात लावत ऱ्हायली. मधलीच्या पोटात पानी झालं. धाकटी तुज्या सारिकापरास ल्हान आसल, तिच्याबी छातीलाच.’

‘मग आमच्या घरात कोणी कसं बोललं नाही?’

‘कुनी बोलायचं? त्या तिघी दिल्या तीन गावांत. तितल्या लोकास्नी वाटलं, आपल्या एका सुनंला झालं. तिघींचं येका जागी बसून मोजायचं कुनाला सुचलंच न्हाई. लेक दिली का ती त्या घरची झाली, बाबा.’

‘आणि आबा?’

‘तुज्या बाला काय धाड भरली हुती! पार म्हातारा होऊन गेला की.’

तिने चहा दिला, मी पिला नाही. तीन गावांतल्या तीन सोयरिकी, तिन्ही माझ्या आजोबांनी चांगली घरं बघून केलेल्या, आणि त्या लग्नांमध्ये ही गोष्ट वाटून वाटून दिसेनाशी झाली. मी हाच धंदा करतो.

येताना पवना धरणाच्या कडेने गाडी चालवत होतो. तीन बहिणी गेल्या, भाऊ ठणठणीत, आणि त्या भावाची लेक सारिका. म्हणजे आबांकडून आलं. सारिकाला आलं तर मला का नाही? पण सृष्टी मामावर गेलीय. हे मी हेल्मेटच्या आत मोठ्याने म्हणालो. काच धुरकटली.

रविवार, २१ सप्टेंबर

सर्वपित्री. मी तीन पानं जास्त वाढायला लावली. सृष्टीच्या आईने विचारलं, ही कोणाची? म्हटलं, आत्यांची. ती म्हणाली, त्यांचं त्यांच्या घरी करत असतील की. असतील. धाकटीचं माहेरचं नाव मात्र मला आठवेना, सासरी बदललेलंच तोंडात येत होतं. कावळा सगळ्यात आधी तिच्याच पानाला शिवला. मी त्याला हात जोडले, तर सृष्टीच्या आईला वाटलं मला ताप आहे.

शुक्रवार, २६ सप्टेंबर

रक्त दिलं. सारिका सगळ्यांना सांगेल की मी चक्कर येऊन पडलो. पडलो नाही. खुर्चीवरून थोडा घसरलो.

रविवार, २८ सप्टेंबर

गौरव आला होता. सृष्टी आणि तो आमच्या बेडशाच्या लेण्यांच्या पायऱ्यांवर अख्खी दुपार बोलत बसले. पोरगी लाल डोळ्यांनी परत आली, म्हणाली डोळ्यांत धूळ गेली. सप्टेंबरात मावळात धूळ कुठली, पाय ठेवू तिथे चिखल! पण तरुण पोरांच्या भांडणात पडू नये, हा माझा अनुभव. मिटेल त्यांचं.

मंगळवार, १४ ऑक्टोबर

मेलो! दळण टाकायला गेलो तर गिरणीवाला महंमदभाई म्हणाला, ‘हौशीभाऊ, तुमची चौकशी झाली.’

‘कोन आलतं?’

‘कार्ल्याची कोन बाई. दळान न्हाई, पिशवी न्हाई. बसली आन् तुमच्या भैनीचं इचारत ऱ्हायली.’

‘मग तू काय म्हनलास?’

‘तुमी सांगितलंय तेच. खडे. तर ती म्हनली, खड्यानं डोक्याचं केस जात्यात व्हय?’

‘मग?’

‘म्या म्हनलं, लय मोठं खडं आसतील.’

मी तिथेच पोत्यावर बसलो. एवढी वर्षं दुसऱ्यांच्या गिरणीवर बसून मी हेच केलं. माझ्या गिरणीवरही कोणी येऊन बसेल हे मला सुचलं नव्हतं. पीठ तिथेच विसरून आलो.

शनिवार, १८ ऑक्टोबर

आहे. माझ्याकडे आहे.

त्या मॅडमचा फोन आला. मला बसायला सांगितलं, मग बोलली. माझ्यासाठीही काही तपासण्या सांगितल्या, त्या मी ऐकल्या नाहीत. धनतेरस होती. सृष्टी ओट्यावर पणत्या भिजत घालत होती. मी तिच्याकडे बघितलं आणि मामाचं नाक शोधलं. सापडलं. काही उपयोग झाला नाही.

गोठ्यामागे जाऊन रडलो. मोठ्याने रडलो, म्हैस दावं ओढायला लागली. निम्मी शक्यता म्हणजे काय? मी भाताचं वाण निवडताना निम्म्यावर विश्वास ठेवीन का?

आणि रडता रडता माझ्यातला सोयरीक जमवणारा जागा झाला. सुपारी फुटू दे, म्हणाला. लग्न होऊ दे, एक मूल होऊ दे, मग सांग. हाच सल्ला मी दुसऱ्या कोणत्याही बापाला दिला असता आणि वर टोपी घातली असती. पण तोवर पोरीला काही झालं तर? थोरल्या आत्याने पदराखाली झाकलं, आणि मी कशाखाली झाकतोय, मांडवाखाली?

पाच दिवसांवर भाऊबीज. सारिकाला सांगेन. सृष्टीला सांगायचं धाडस माझ्यात नाही, हे इथे लिहून ठेवतो.

गुरुवार, २३ ऑक्टोबर

ओवाळून झाल्यावर सारिकाला पडवीत नेलं आणि सांगितलं. तिने माझा हात धरला. तिच्या नखांवर औषधाचे काळे डाग आहेत.

‘सृष्टीला सांग,’ ती म्हणाली.

‘मला जमणार नाही. लोकांच्या घरात मी नको ते सगळं बोललो, पण हे नाही जमणार. तू मधला माणूस हो.’

ती आधी हसली, मग तिने हाक मारली. सृष्टी येऊन समोर बसली. सारिका म्हणाली, ‘तुझ्या बाबांना काहीतरी सांगायचंय, पण त्यांना तोंड माझं पाहिजे.’

मग मात्र मलाच राहवलं नाही. सगळं एकदम बोललो. आबा, आत्या, चौकोन, गोल, निम्मी शक्यता. मध्ये श्वास घेतला की नाही आठवत नाही.

सृष्टी म्हणाली, ‘माहीत आहे, बाबा.’

‘काय माहीत आहे?’

‘तुमच्याकडे आहे ते. माझ्यात निघालं, म्हणजे तुमच्याकडूनच आलं असणार ना. मी ऑगस्टमध्ये तपासलं, आत्याबरोबर जाऊन.’

आणि माझ्या तोंडून काय निघावं? ‘मग साडी?’

आतून सृष्टीच्या आईचा आवाज आला, ‘अहो, साडी घ्यायला गेल्याच नव्हत्या त्या!’

म्हणजे हिलाही माहीत. घरात एकटा मी आणि म्हैस, दोघेच अंधारात.

‘मला का नाही सांगितलंस?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही माझ्यासाठी रडत बसला असता आणि स्वतः कधीच तपासलं नसतं. तुम्हालाही धोका आहे, बाबा. पुरुषांनाही असतो. आत्या म्हणाली, थांब, दादा येईल आपल्या पायाने. तुम्ही लय वेळ लावलात.’

मी तिचे हात धरले. ‘पोरी, हे काय दिलं गं मी तुला.’

ती म्हणाली, ‘पंचवीस वर्षं रुसून बसला होता ना, पोरीत माझं काहीच नाही म्हणून? घ्या आता.’

आणि हसली. डावा गाल वर चढला, अगदी मामासारखा, आणि मध्येच तिला रडू फुटलं. मग आम्ही चौघेही रडलो.

डोळे पुसून विचारलं, ‘गौरवला?’

‘लेण्यांवर सांगितलं. तो म्हणाला, मला तूच पाहिजेस. पण त्याने घरी सांगितलं, आणि घरचे काय म्हणाले ते विचारलं की गप्प बसतो.’

म्हणजे ती गिरणीवरची बाई कोण, ते कळलं. सोयरीक गेली तर गेली, पण माझ्या पाठीमागून नको, तोंडावर बोलून जाऊ दे. रविवारी कार्ल्याला जाणार.

रविवार, २६ ऑक्टोबर

सारिकाला बरोबर घेतलं. हायवेपर्यंत मी तिला पाठ केलेलं भाषण तीनदा म्हणून दाखवलं. कैलासरावांच्या ओट्यावर बसल्यावर त्यातलं एक अक्षर आठवेना. चहा आला. भात कापणीचं बोलणं झालं. गौरवची आई, कस्तुराबाई, चौकटीला टेकून उभी होती. कानात मोठ्या कुड्या.

मी कप खाली ठेवला. ‘सुपारीआधी एक सांगायचं राहिलंय. माझी सृष्टी माझ्या वळणावर गेलीय.’

कैलासराव म्हणाले, ‘आँ? आमी तर ऐकलं मामावर गेली.’

‘तोंड मामाचं. आतलं माझं.’ आणि मग सगळं सांगितलं. पित्ताचे खडे नव्हते हेही. तिन्ही आत्या, त्यांची तिन्ही गावं, कोणाला कुठे झालं ते, सृष्टीची पहिली मशीनवरची तपासणी ठरलीय तेही. आयुष्यात पहिल्यांदा कोणाच्या ओट्यावर बसून स्वतःच्या घरचं पिढीजात सांगितलं.

कस्तुराबाई म्हणाली, ‘झालं बोलून? गौरवनं म्हैन्याखालीच सांगितलंय. गिरनीवर मीच आलते.’

‘मग थांबलात कशाला?’

‘पोरीनं गौरवला तोंडावर सांगितलं. म्हनलं बघू, तिचा बाप सांगतो का खडंच दावतो.’

कैलासराव जमिनीकडे बघत म्हणाले, ‘खरं सांगतो, हौशीभाऊ, मला भ्या वाटतंय. उद्या नातवंडं व्हतील. काय सांगावं?’

‘भ्या मलाबी वाटतंय,’ कस्तुराबाई म्हणाली. ‘पन माज्या भैनीलाबी गाठच हुती, कळलं तवा काय हातात ऱ्हायलं नव्हतं. हिला आदीच ठावं हाय, ती तपासून घेती. आपल्या पोराला तीच पायजे. अन् मलाबी.’ मग माझ्याकडे वळून, ‘कदी हाय तिची ती मशीनची तपासनी?’

‘सुपारीच्या आठवड्यातच.’

‘मग आदी ती. मी जाईन तिच्यासंगं. सुपारी कुटं पळून जाती?’

कैलासरावांनी मान हलवली. पूर्ण हो नव्हतं ते, पण मी या मानेच्या हलण्यावर कित्येक मांडव घातलेत. ते उठून टॉवेल-टोपी घेऊन आले आणि माझ्यासमोर येऊन अडले. ‘तुमी तर पोरीचं बाप. मधला मानूस कोन?’

मी सारिकाकडे बोट केलं.

ती नको नको म्हणाली, पण कस्तुराबाईने तिला कुंकू लावलं. सारिकाने डोक्याचा रुमाल सोडला. केस केमो संपल्यावर नुकते उगवलेले, बोटाच्या पेरभरही नाहीत. त्यावर ती पांढरी टोपी बसली.

‘दादा, कशी दिसतेय?’ तिने विचारलं.

‘आबांसारखी,’ मी म्हणालो. आणि ती खरंच आबांसारखी दिसत होती.